तिथं गाई होत्या

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत एका म्हशीच्या पोटात होता. मुरुडजवळच्या वस्तीवरची अडलेली म्हैस, रेडकाची मान मागे वळलेली, आणि बऱ्याच धडपडीनंतर त्याचा जबडा नुकता कुठे माझ्या बोटांत आलेला. खिशातला फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी म्हशीच्या मालकानेच तो काढला, उचलला आणि माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे शिवराज, बसूचा थोरला भाऊ. "म्याडम, आपला बसू गेला. हार्ट अटॅक. तिकडंच, क्यानडात." मी नुसतं "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार... जबडा सोडला असता तर पुन्हा सापडला नसता. रेडकू जिवंत निघालं. मी बादलीत हात धुतले, बांधावर जाऊन बसले आणि मग रडले. रेडकू वाचलं म्हणून म्याडमला भरून आलं, असं त्या मालकाला वाटलं असावं. त्याने मला चहा आणून दिला.

आमच्या धंद्यात किळस करून चालत नाही. व्यायल्यावर न पडता सडलेली वार, किडे पडलेली जखम, पोट फुगून मेलेल्या बैलाचं शवविच्छेदन, हे सगळं करून मी घरी येते आणि व्यवस्थित जेवते. घरातले लोक नाक मुरडतात, मला काही वाटत नाही. पण बसू गेल्यापासूनच्या या आठवड्यांत मला जी किळस आली आहे, ती साबणाने जात नाही. ती जनावरांची नाही, माणसांची आहे. माझ्या मित्राला हार घातलेल्या फ्रेममध्ये बसवून त्याच्याखाली भलतंच काहीतरी लिहून ठेवलंय, आणि येणारा-जाणारा त्याला हात जोडतोय. म्हणून हे लिहायला बसले. ज्यांना आवडणार नाही त्यांना न आवडो.

बसवराज आणि मी उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात एकाच वर्गात होतो. मी किनवटकडची, वडील आश्रमशाळेत मास्तर; माझ्या घरी कोंबडीपलीकडे जनावर नव्हतं. बसू देवणीच्या रस्त्यावरच्या गावातला, लिंगायत घरचा. त्याच्या वडिलांच्या गोठ्यातले देवणी बैल बघायला लांबून माणसं यायची, असं तो सांगायचा आणि आम्ही हसायचो. पुढे एका सुटीत त्याच्या घरी गेलो तेव्हा खरोखरच ओसरीवर दोघं अनोळखी पाहुणे बैलांकडे बघत बसलेले होते. बसूची आई, तिला तो अव्वा म्हणायचा आणि मग आम्हीही अव्वाच म्हणू लागलो, त्या पाहुण्यांना चहा देता देता बैलाच्या वशिंडाचं वर्णन करत होती. शेंगाची चटणी आणि ज्वारीची भाकर तिने आम्हाला इतकी खाऊ घातली की परतीच्या जीपमध्ये बसवेना. तेव्हापासून ते घर मला माहेरासारखं झालं.

बसूची एक सवय होती. कुठल्याही जनावराला तपासायला गेला की आधी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. त्याच्या घरात सगळेच करायचे. देवळात पायरीला हात लावतो तसं. त्याला ते कळायचंही नाही. आम्ही त्याची टर उडवायचो. "बसू, आधी पाया पड आन् मग थर्मामीटर घाल." एकदा तर शेणाने भरलेला हात त्याने तसाच कपाळाला नेला आणि दिवसभर टिळा लावून फिरला, कोणी सांगितलंच नाही त्याला. मला आठवतं, संध्याकाळी मेसमध्ये आरशात बघून तो स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला.

डिग्रीनंतर मला नोकरी लागली, त्याला कंत्राटी लागली. तालुक्याच्या दवाखान्यात तो वर्षानुवर्षं कायम होण्याची वाट बघत राहिला. जागा रिकाम्या होत्या, भरती निघत नव्हती. लातुरात तेव्हा क्लासच्या इमारतींच्या मधल्या मजल्यांवर परदेशी पाठवणाऱ्यांची ऑफिसं निघू लागली होती. त्यातल्या एकाने बसूला गाठलं. गुळगुळीत काचेचं टेबल, मागे बर्फाच्या डोंगरांचं पोस्टर. मी सोबत होते. "सर, तुम्ही हितं डॉक्टर हाव, तिकडंबी डॉक्टरच राहणार की. गाई तिकडं बी हाईत," असं तो म्हणाला. हे एवढं एकच वाक्य त्या माणसाने बसूला बिनचूक सांगितलं. फक्त त्या गाई कुठे आहेत ते नाही सांगितलं.

तिकडे गेल्यावर कळलं की परदेशातून शिकून आलेल्या पशुवैद्याची डिग्री तिकडे कागद आहे नुसता. आधी लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष. आणि पास होईपर्यंत कुत्र्याच्या दातालाही डॉक्टर म्हणून हात लावायचा नाही. परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. घ्यावी. आम्ही शिकलो त्यात मांजर जेमतेम होतं, घोडा म्हणजे वरातीतला. किळस आली ती मधल्या काळाची. एका दवाखान्यात बसूला 'अनुभवासाठी' ठेवून घेतलं. मालक आपल्याच इकडचा, मराठी बोलणारा, टेबलावर गणपती. तोही असाच परीक्षा देऊन वर आलेला. बसूला वाटलं, देव पावला. त्या माणसाने बसूकडून पिंजरे धुवून घेतले, फरशी पुसून घेतली, कुत्री फिरवायला लावली, आणि वर त्याला सांगत राहिला की मीसुद्धा यातूनच गेलोय. जणू काही आपण खाल्लेली माती दुसऱ्याला खायला घालणं म्हणजे परंपरा. बसू फोनवर मला म्हणायचा, "शिकून राहिलो गं, शोभे. कुत्र्याची जात बघून ओळखून राहिलो." त्याचा आवाज हसरा असायचा. मला इकडे शिव्या सुचायच्या.

प्रत्यक्ष परीक्षेत त्याला कुत्रीची नसबंदी करायची होती. आमच्या बसूचा हात सोन्याचा. गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात, कुणीतरी शिंगं धरलीत आणि कुणीतरी शेपटी, अशा हालतीत त्याने सिझेरियनं केलेली मी बघितलीत. टाके असे की मालक विचारायचा, कापलं कुठं? तो नापास झाला. मला वाटलं, इंग्रजीत काही चुकलं असेल, भूल जास्त झाली असेल. निकाल आला तेव्हा कळलं. हात निर्जंतुक करून, निर्जंतुक हातमोजे चढवून, तो टेबलाजवळ गेला, भूल दिलेल्या कुत्रीच्या अंगावर हात ठेवला आणि तोच हात कपाळाला लावला... आणि मग चाकू उचलला. निर्जंतुकपणा मोडला आणि मोडल्याचं उमेदवाराच्या लक्षातही आलं नाही, असा शेरा. खरंच नव्हतं आलं. "मी लावला का गं हात?" तो मलाच विचारत होता. "मला तर आठवतबी न्हाई." मी हसले. परीक्षक चुकला असं मी म्हणणार नाही. मीही नापासच केलं असतं. पण जगात दुसरा कोणता सर्जन या कारणाने नापास झाला असेल असं मला वाटत नाही.

पुन्हा परीक्षेचा नंबर लागायला वेळ होता, आणि पिंजरे धुण्याचा त्याला वीट आला होता. तेव्हा त्याने ती नोकरी धरली, जी तिकडे परदेशी पशुवैद्यांना सहज मिळते, कारण तिकडची पोरंपोरी ती करायला तयार नसतात. कत्तलखान्यातली, सरकारी तपासनिसाची; तिला लायसन लागत नाही. मोठाल्या ट्रकमधून जनावरं उतरतात, ती आत जाण्याआधी एका पशुवैद्याने प्रत्येकाला चालताना बघायचं. लंगडतंय का, धाप आहे का, डोळे कसे आहेत. आजारी असेल तर बाजूला काढायचं. ठीक असेल तर पुढे सोडायचं. बसू ते करू लागला. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस. आत गळ्यात काही घालायला बंदी होती, आणि लिंगायत माणसाच्या गळ्यातलं इष्टलिंग अंगावरून उतरवायचं नसतं. त्याने ते दंडाला बांधलं, बाहीच्या आत. मी विचारलं, अरे ते घेऊन तिथे जातोस? तो म्हणाला, "काढून ठेवलं तरी पाप, नेलं तरी पाप. मग निदान एकट्यानं कशाला जायचं?"

घरी त्याने सांगितलं, सरकारी नोकरी लागली. ते खोटं नव्हतं. अव्वाने गावभर सांगितलं, बसू तिकडं सरकारी डॉक्टर हाय. खरी गोष्ट फक्त शिवराजला आणि मला माहीत होती. शिवराजचं लातूरच्या मोंढ्यात अडतीचं दुकान. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की हे अव्वाच्या कानावर जाता कामा नये. बसूला ते लपवणं सहन होत नव्हतं. दर खेपेला म्हणायचा, "दिवाळीला आलो की मीच सांगतो अव्वाला. समोर बसून. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ही." आणि प्रत्येक दिवाळीला काहीतरी निघायचं. एकदा वडील आजारी, एकदा वडील गेलेले, एकदा त्याला रजाच नाही. लग्नाचंही तसंच. आधी परीक्षा, मग बघू. मग बघू म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

आणि तरीही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, तो तिथे कामात कच्चा नव्हता. लांबच्या प्रवासात पाय मोडलेली गाय कुणी ढकलत आत नेऊ लागला की तो ट्रकच थांबवायचा. सगळी रांग अडायची, मॅनेजर येऊन ओरडायचा, हा हलायचा नाही. त्यासाठी त्याला आडवेळच्या पाळ्या दिल्या गेल्या, एकदा दूरच्या गावी बदली झाली. मला सांगताना तो कुरकुरत नव्हता. "आत गेल्यावर माझ्या हातात काही न्हाई. पण दारापर्यंत ती माझी पेशंट हाय," म्हणायचा. मला ते ऐकवत नसे. मी विषय बदलायचे.

मग तो पास झाला. दुसऱ्या वेळी परीक्षेत आत जाताना दोन्ही हात एकमेकांत गच्च धरून ठेवले म्हणाला, नवरदेवासारखे. लायसन आलं. अव्वाने पेढे वाटले, शिवराजने मोंढ्यात वाटले, मी मुरुडच्या दवाखान्यात वाटले. त्या गणपतीवाल्यानेच त्याला डॉक्टर म्हणून बोलावून घेतलं. आता पांढरा कोट, दारावर नाव. मी निश्चिंत झाले. सुटला एकदाचा. आणि थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला की सोडलं. दवाखाना सोडला आणि परत तिथेच गेला, ट्रकच्या दारापाशी, स्वतःहून.

काय झालं होतं, ते तो तुटक तुटक सांगत राहिला. एक कुटुंब घर बदलत होतं. नव्या घरात कुत्रा ठेवायची परवानगी नव्हती. कुत्रा तरणाबांड, धडधाकट, बसूचे हात चाटत होता. त्यांना तो शांतपणे मारून हवा होता. बसू म्हणाला, मी नाही करणार. मालकाने त्याला आतल्या खोलीत नेऊन मराठीत समजावलं की गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आपण भावनेत वाहून जायचं नसतं, मीही यातून गेलोय. मग स्वतः जाऊन इंजेक्शन दिलं. त्या लोकांनी आधी कुत्र्याबरोबर फोटो काढले, मेणबत्ती लावली, रडले, आणि बाहेर जाताना, इंजेक्शन द्यायला नकार देणाऱ्या बसूला म्हणाले, तुम्हाला प्राण्यांबद्दल एवढीही माया कशी नाही? "शोभे," तो म्हणाला, "तिथं निदान कुणी मेणबत्ती तरी लावत न्हाई." मी म्हटलं, म्हणून काय कत्तलखान्यात जायचं? दुसरा दवाखाना बघ! इतकी वर्षं कशासाठी घालवलीस? मी खूप बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "तिथं गाई हाईत गं. हितं न्हाईत." मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. मी त्याच्या जागी परत गेले नसते. पण ते त्याने ठरवलं होतं, भाग पडलं म्हणून नव्हे, आणि एका माणसाने डोळे उघडे ठेवून ठरवलेली गोष्ट त्याच्या पाठीमागे पुसून टाकायचा हक्क कुणाला असतो?

त्याचं शव पेटीतून हैदराबादला आलं आणि तिथून बिदरच्या रस्त्याने गावी. लिंगायतांमध्ये माणसाला मांडी घातलेल्या अवस्थेत बसवून पुरतात. वडिलांच्या शेजारी खड्डा तसा चौकोनी खणून ठेवलेला होता. पेटी उघडली. औषधं भरून इतके दिवस ठेवलेलं शरीर... गुडघा वाकेना. दोघा-तिघांनी प्रयत्न केला. मला ते बघवेना, मी ओरडले, थांबा, मोडेल. पशुवैद्याचंच ओरडणं ते, सगळे थांबले. शेवटी विधी करणारे जंगम म्हणाले, झोपवूनच ठेवा, देवाला चालतं. खड्डा लांबवावा लागला. तेवढा वेळ बसू उन्हात पेटीत पडून होता आणि मागे उभे असलेले पाहुणे हलक्या आवाजात विचारत होते की लायसन असलेल्या सर्जनचा तिकडे विमा केवढ्याचा असतो. मी मागे वळून बघितलं तेव्हा त्यातल्या एकाने मला नमस्कार केला.

त्यानंतर लातूरला मंगल कार्यालयात शोकसभा. दारातच भला मोठा फ्लेक्स: 'कॅनडातील सुप्रसिद्ध पशुशल्यविशारद.' फोटोत बसूला कुणीतरी कॉम्प्युटरवर कोट-टाय चढवला होता आणि गळ्यात स्टेथोस्कोप. फ्लेक्सच्या शेजारी आणखी एक उभा, गुंडाळी होणारा बोर्ड, तोच बसूचा फोटो आणि खाली परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनाचा पत्ता. काचेच्या टेबलावाला तो! शोकसभेत दुकान मांडून बसला होता. ओळीत बसलेल्या क्लासच्या पोरांना पत्रकंही वाटली जात होती. मी शिवराजकडे गेले. तो हात जोडून म्हणाला, "म्याडम, हॉलचा खर्च त्यांनी केलाय. आन् तुमाला इनंती हाय, तेवढं बोलू नका. पोरीचं लग्न जमून राहिलंय. अव्वाबी हाय समोर." शिवराज वाईट माणूस नाही. भावासाठी तो ढसाढसा रडला होता, मी बघितलंय. पण त्या क्षणी मला त्याच्या जोडलेल्या हातांची किळस आली, हे मी लपवणार नाही.

भाषणं झाली. बसूला आयुष्यात न भेटलेले लोक बोलले. एकाने मराठवाड्याचं नाव सातासमुद्रापार नेलं असं सांगितलं, एकाने त्याच्या नावाने पुरस्कार जाहीर केला, आणि शेवटी कुठलेसे पुढारी आले, उशिरा, घाईत, आणि माइक हातात घेऊन म्हणाले की परक्या देशात राहूनही या सुपुत्राने गोमातेची सेवा सोडली नाही. टाळ्या. शोकसभेत टाळ्या! माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. पहिल्या रांगेत अव्वा बसली होती, डोक्यावर पदर, कपाळावर भस्माचे पट्टे, माझ्याकडेच बघत. तिला हे माइकवरून कळावं असं बसूला कधीच नको होतं. मी म्हटलं, "बसू चांगला डॉक्टर होता," आणि खाली उतरले. बाहेर जाऊन तो उभा बोर्ड मुळाशी दाबला; तो खटकन गुंडाळला गेला. काचेच्या टेबलावाला धावत आला. "म्याडम, हे काय करून राहिल्या?" मी म्हटलं, "ऊन लागंल त्याला," आणि निघून आले.

आठवड्याने गावी गेले. अव्वा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. भिंतीवर तोच कोट-टायवाला फोटो. मी टेकले न टेकले तोच ती म्हणाली, "कॉलेजात व्हतीस तवा तुजं तोंड मिटत नव्हतं. त्या दिवशी एवढंच बोललीस. काय लपवून राहिलीस?" शिवराजची विनंती मला आठवली. बसूही आठवला. समोर बसून सांगायची गोष्ट आहे, असं तो म्हणाला होता, आणि आता समोर बसायला मीच उरले होते. मी सांगितलं. सगळं, काही न वगळता, कत्तलखाना हा शब्द उच्चारून.

अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली, मोरीपाशी गेली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी गेलेही असते. ती परत आली तेव्हा चेहरा विटलेला होता.

"खाल्लं का त्यानं?"

"नाही अव्वा. कधीच नाही."

"पास झाला म्हून पेढे वाटले मी. खोटं का ते?"

"ते खरं. पास झाला, दवाखान्यात डॉक्टर झाला, आणि सोडून परत तिथं गेला."

"का?"

"तिथं गाई होत्या."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग म्हणाली, "ऊठ. दाखीव मला. काय करायचा ते." आणि गोठ्याकडे चालू लागली. बैल आता नाहीत, एक गाय आहे, देवणीच, पांढरी, तोंडाशी काळी. अव्वाने तिचं दावं सोडलं. मी गोठ्याच्या दारापाशी उभी राहिले आणि सांगितलं, तो असा उभा राहायचा. समोरून एकेक यायची. आधी पाय बघायचा, मग श्वास, मग डोळे. अव्वा गाय घेऊन माझ्यासमोरून चालत गेली.

"ही कशी हाय?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजी? काय करायचा तिचं?"

"चांगली असली की आत सोडायची, अव्वा."

तिने दावं हाताला गुंडाळलं, एक वेढा, दुसरा वेढा. गाय तिच्या खांद्याला तोंड घासत होती. "आन् मंग ह्यो काय करायचा?"

"पुढची बघायचा."

"दिसभर?"

"दिवसभर."

मला वाटलं, आता पुन्हा मोरीकडे जाईल. पण ती गाईला धरून तिथेच उभी राहिली आणि तिने असा प्रश्न विचारला जो त्या हॉलमधल्या कुणालाही सुचला नसता. मी तो बसूला एकदा विचारला होता, पण उत्तर आज, तिने विचारल्यावरच, आठवलं.

"जेवायचा कुटं?"

"गाडीत बसून. आतल्या खोलीत सगळ्यांच्या डब्यात मांस असायचं, वास यायचा. म्हणून बाहेर, गाडीत."

"तितं बर्फ असतंय म्हनं."

"असतंय. सहा-सहा महिने."

अव्वाने दावं सोडवलं, गाईला पुन्हा खुंट्याला बांधलं, आणि गव्हाणीच्या कडेला बसली. हातावर दाव्याचे वळ उठले होते, ते चोळत राहिली.

"त्याची भाकर गार होत असंल गं," ती म्हणाली.